सूनबाईंचं वेळापत्रक

३ सप्टेंबर

ती. बाबा,

सा. न.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही तुमच्या सोयीने ऐकता, म्हणून पत्र लिहितेय. परवा मी म्हटलं, "मॅरेथॉनला नाव दिलंय," तर तुम्ही विचारलंत, "कुणाच्या बाळाला?" तुमचे चिरंजीव अजून हसतायत.

तर पुन्हा सांगते. जानेवारीत आमच्या शहरात मॅरेथॉन आहे, बेचाळीस किलोमीटरची, आणि मी ती धावणार आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी बस सुटत असली तरी धावत नव्हते, हे तुम्ही सगळ्यांना सांगता. खरंच आहे. पण दोन वर्षांपूर्वी सवय लागली आणि आता नुसतं रमतगमत धावून माझं भागत नाही. दिवसभर लॅबमध्ये स्टुलावर बसून लोकांच्या कवळ्या बनवायच्या. मेणात एकेक दात बसवायचा, साचा ओतायचा, घासायचं, पुन्हा घासायचं. संध्याकाळपर्यंत असं वाटायला लागतं की आपणही त्याच साच्यात अडकलोय. मग पाय वळवळायला लागतात.

आमच्या कोचबाईंनी मला वेळापत्रक दिलंय. रोज किती, कसं, कुठल्या वेगाने, सगळं. साडेचार तासांच्या आत संपवायची असं मी ठरवलंय. तुमच्यासाठीही एक वेळापत्रक करून सोबत पाठवतेय. डॉक्टरांनी तुम्हाला सायकल चालवायला सांगितलंय, सायकलला टेकून गप्पा मारायला नाही. भिंतीवर लावा आणि पाळा.

तुमची,
सूनबाई

*

११ सप्टेंबर

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

वेळापत्रक मिळालं. भिंतीवर लावलं. दिसायला फार छान आहे.

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. म्हणजे जन्मभर वर गेलो आणि खाली आलो. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता जरा आडवं जावं, म्हणून सायकल घेतली. आता तू म्हणतेस मंगळवारी तीन मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं हळू. केलं. पहिली तीन मिनिटं जोरात गेलो. हळूची दोन मिनिटं सुरू झाली तेवढ्यात आमचे निवृत्त पोस्टमन भेटले, आणि ती दोन मिनिटं जरा लांबली. नंतर पुलापलीकडे नव्या इमारतीवर क्रेनने पाण्याची टाकी चढवत होते. असलं काम चालू असताना मला पुढे जाता येत नाही. टाकी जागेवर बसेपर्यंत आम्ही दोघं मान वर करून उभे. क्रेनवाल्याचा हात बघत राहावा असा होता. घरी येईपर्यंत जेवायची वेळ झाली. एकूण किती किलोमीटर झाले ते विचारू नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वेग आहे, वेळ आहे, अंतर आहे. धावताना मजा येते का, ते कुठे सापडलं नाही. येते का?

बाबा

*

६ ऑक्टोबर

ती. बाबा,

सा. न.

तुमच्या प्रश्नाचा मला राग आला, म्हणून उत्तराला उशीर. मजा यायची तेव्हा येईल. शेवटची रेषा ओलांडल्यावर येईल. रोजच्या रोज मजा यायला मी काय झोक्यावर बसलेय?

रविवारी तीस किलोमीटर झाले. कालव्याच्या कडेने, मग गोदामांच्या मागच्या रस्त्याने, परत कालवा. आमच्या गटातल्या बायका मध्येच चहाच्या टपरीवर थांबतात आणि पाऊण तास तिथेच जातो. मी त्यांच्याबरोबर जाणं सोडलंय. एकटी जाते. वेग बरोबर ठरल्यासारखा राहिला. शेवटी डाव्या पायाची नडगी थोडी कुरकुरत होती, बर्फ लावला. लॅबमध्ये उभ्याने काम करते, त्याने बरं वाटतं.

पुढच्या आठवड्यात तुमच्या चिरंजीवांना शाळेला सुट्टी आहे. त्यांच्या मनात आहे म्हणून दोन दिवस समुद्रावर जातोय. मी बूट घेऊन जाणार. किनाऱ्याला लागून सपाट रस्ता आहे म्हणे.

तुम्ही मात्र पोस्टमनकाकांना टांग देऊन एकदा तरी वेळापत्रक सरळ पाळून दाखवा. माझ्यासाठी.

सूनबाई

*

२९ ऑक्टोबर

चि. सूनबाईस आशीर्वाद.

पेन खराब आहे, अक्षर लावून वाच. मी ठीक. हवा छान.

समुद्र कसा होता, ते लिहिलं नाहीस. घरी सगळं बरं ना?

बाबा

*

५ नोव्हेंबर

ती. बाबा,

सा. न.

पत्र आहे की तार? आणि अक्षर पेनामुळे इतकं वाकडं येत नाही. चालत्या बसमध्ये लिहिलंत की माझ्यावर रागावून लिहिलंत? सायकलबद्दल एक शब्द नाही, त्यावरून मी काय ते समजले. सोडलीत ना? तुमचं असंच असतं. गंमत वाटते तोवर करायचं आणि कंटाळा आला की क्रेन बघत उभं राहायचं. मला वाईट वाटलं. मला वाटत होतं आपण दोघं मिळून काहीतरी करतोय.

समुद्र छान होता. घरी सगळं बरं आहे. चिरंजीव शाळेच्या कामात बुडालेत, मान वर करायला फुरसत नाही.

माझं सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललंय. रविवारचं अंतर जरा कमी केलं, पण तेवढंच. जानेवारी जवळ आला की झोप लागत नाही म्हणतात, ते आताच सुरू झालंय. पहाटे गजराच्या आधीच उठून बसते. बूट घालते, काढते, परत घालते.

तुम्ही पुन्हा सुरू करा. कारणं नकोत.

सूनबाई

*

१२ नोव्हेंबर

चि. सूनबाईस आशीर्वाद.

कारण नको म्हणालीस, पण एकच देतो. हे पत्रही डाव्या हाताने लिहितोय. उजव्या खांद्याचं हाड मोडलंय.

तू 'माझ्यासाठी' असं लिहिलंस ना, म्हणून मी पोस्टमनला चुकवून सकाळी एकटा निघालो. तीन मिनिटं जोरात. मान खाली, डोळे मनगटावरच्या घड्याळावर. छान वेग लागला होता. तिसऱ्या मिनिटाला समोर भाजीची हातगाडी उभी होती. भाजीवाली बाई बिचारी शिव्या देत धावत आली आणि माझा हात बघून रडायला लागली. मीच तिची समजूत काढत बसलो. यात तुझा दोष नाही. पाच वर्षं सायकल चालवतोय, हातगाडी चुकवायची असते हे मला ठाऊक आहे.

आता दुसरं. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. चिरंजीव माझ्याकडेच आहेत. समुद्रावरून तू एकटी घरी गेलीस आणि तो रात्रीच्या बसने इकडे आला. तो दारात उभा राहिला त्याच्या आदल्याच दिवशी मी पडलो होतो. त्याने सुट्टी संपल्यावर रजा घेतली. मला आंघोळ घालतो, भाकरी भाजतो, भूमितीचे पेपर तपासतो. काय झालं ते सांगत नाही. तुला कळवतो म्हटलं तर म्हणाला, "नका. ती विचारते का बघू."

मीही बघत होतो. आणि तुझं पत्र आलं की तो शाळेच्या कामात बुडालाय. ते त्याला वाचून दाखवलं नाही. विचारलं त्याने, काय लिहिलंय म्हणून. म्हटलं, पायाची तक्रार आहे.

पायाची खरी तक्रार किती आहे, ते तरी खरं लिही.

बाबा

*

१६ नोव्हेंबर

ती. बाबा,

सा. न.

तुमचं पत्र लॅबमध्ये वाचलं. हातातल्या कवळीचे दोन दात उलटे बसवले. मालकीणबाईंनी घरी पाठवून दिलं.

घरी न जाता मी आधी पायाचा फोटो काढून आले. नडगीच्या हाडाला बारीक चीर आहे. महिनाभर तरी जुनी असेल असं डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी विचारलं, "दुखत नव्हतं का?" म्हटलं, दुखत होतं. "मग थांबला का नाहीत?" वेळापत्रकात नव्हतं, असं अगदी ओठांवर आलं होतं. जानेवारी गेला. निदान दोन-अडीच महिने धावायचं नाव काढायचं नाही.

समुद्रावर काय झालं ते सांगते. पहिल्या सकाळी ते म्हणाले, आज वाळूत चालू, होडीतून जाऊ. मी म्हटलं, आज अडीच तासांची धाव आहे, मग जाऊ. धावून आले आणि झोपले. उठले तेव्हा ऊन कलत होतं. ते खिडकीपाशी बसले होते. होडीची दोन तिकिटं काढून ठेवली होती, वेळ निघून गेली होती. मी म्हटलं, उद्या जाऊ. ते म्हणाले, "उद्या काय आहे?" मी वेळापत्रक बघायला लागले. एवढंच झालं, बाबा. आरडाओरडा नाही, काही नाही. मी मान वर केली तेव्हा ते बॅग भरत होते.

नंतर त्यांचा एक निरोप आला, 'पोचलो, ठीक आहे.' कुठे ते लिहिलं नव्हतं. मित्राकडे असतील असं मी धरून चालले. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर परत या म्हणावं लागलं असतं, आणि ते परत आले असते तर मला बसून बोलावं लागलं असतं. धावणं सोपं होतं. दुखऱ्या पायानेसुद्धा.

शुक्रवारी येतेय. त्यांना सांगा. किंवा नका सांगू. सांगाच.

सूनबाई

*

२० फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? उजव्या हाताने लिहितोय.

तुम्ही दोघं परत गेल्यापासून घर शांत आहे. दाराच्या वर तू बांधलेला तो दोर अजून तसाच आहे. रोज सकाळी खुर्ची ओढून बसतो आणि एका हाताने दुसरा हात वर खेचतो. तू इथे होतीस ते तीन आठवडे मी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते सांगत नाही. पोरगा "राहू द्या आज" म्हणायचा. तू लंगडत यायचीस आणि दोर हातात द्यायचीस. डॉक्टर म्हणाले, या वयात हात एवढा वर जाणं कठीण असतं. काल दोरीवर धुणं वाळत घातलं, स्टुलाशिवाय.

मला मजा आली का? एकदाही नाही. हे मी कबूल करतो, कारण तुला तो प्रश्न मी फार ऐटीत विचारला होता. काही गोष्टी कंटाळत, शिव्या देतच कराव्या लागतात. सायकलवर गप्पा मारत फिरणाऱ्या माणसाला हे उशिरा कळलं.

चिरंजीव लिहितो की डॉक्टरांनी तुला धावायला परवानगी देऊन पंधरवडा झाला, तरी तू बूट कपाटातून काढत नाहीस. मॅरेथॉनच्या दिवशी म्हणे तू सकाळपासून घरातली सगळी भांडी घासलीस, घासलेली पुन्हा घासलीस. घरात येरझारा घालतेस, खिडकीशी जातेस, परत येतेस. पायाची भीती वाटते का?

बाबा

*

२ मार्च

ती. बाबा,

सा. न.

पायाची नाही वाटत. तुमचं पत्र आल्यावर गेले एकदा. घड्याळ घरी ठेवलं, वेळापत्रक नाही, काही नाही. म्हटलं आज नुसती मजा करायची. कालव्यापर्यंत गेले. आणि सगळा वेळ मजा येतेय का, तेच तपासत होते. आता आली का? या झाडापाशी आली का? पाणी चांगलं दिसतंय, मग बरं का वाटत नाही? त्यापेक्षा घड्याळ परवडलं. दहा मिनिटांत परत फिरले आणि जिन्यात बसून रडले. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं घरात कुणी गेलं.

मला एक तर कड्याच्या टोकापर्यंत जाता येतं, नाहीतर घरात बसता येतं. मधलं येतच नाही. तुम्हाला ते उपजत येतं म्हणून तुम्हाला कळायचं नाही.

चिरंजीव काही म्हणत नाहीत. तेच जास्त टोचतं. मी पुन्हा पूर्वीसारखी होईन अशी त्यांना भीती आहे, आणि मी काहीच होणार नाही अशी मला.

सूनबाई

*

९ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तू मजासुद्धा परीक्षेला बसल्यासारखी करायला गेलीस. तुझा स्वभाव तो, त्याला मी काय करणार. मग स्वभावाप्रमाणेच कर. सोबत वेळापत्रक पाठवतोय, मी केलेलं. पट्टी घेऊन रेघा मारल्या आहेत, हसू नकोस.

मंगळवार आणि गुरुवार तुझ्या कोचबाई सांगतील ते. त्यात मी पडत नाही. रविवारी गटातल्या बायकांबरोबर, टपरीवर थांबणं सक्तीचं. चुकवलं तर सोमवारी धावायला बंदी. शनिवारी बूट कपाटात आणि तू चिरंजीवांबरोबर. कुठे जायचं ते तो ठरवेल. नडगी दुखली तर त्याच दिवशी त्याला सांगायचं, मला नाही. मी लांब आहे.

पाळून बघ. मी दोर ओढला, आता तुझी पाळी.

बाबा

*

२१ जानेवारी

ती. बाबा,

सा. न.

काल फोनवर तुम्हाला फक्त "संपली" एवढंच ऐकू गेलं आणि तुम्ही "काय संपलं? गॅस?" विचारत राहिलात, म्हणून सविस्तर लिहिते.

यंदाची मॅरेथॉन धावले. पूर्ण. साडेचार तासांच्या आत नाही, पाचाच्याही आत नाही.

निम्म्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. गटातल्या दोघी बरोबर होत्या, बोलत बोलत गेलो. मग त्या मागे राहिल्या आणि मी गोदामांच्या मागच्या रस्त्याला लागले. वारा समोरून. माणूस नाही, झाड नाही, नुसती पत्र्याची दारं. तिथे पाय संपले. दुखत नव्हते, नुसते संपले. तिथे मजा नव्हती, बाबा, शोधूनही सापडली नसती. तुमचा तो जुना प्रश्न आठवला आणि तुमचा पुन्हा राग आला. तिथे मला वर्षभरातल्या मंगळवार-गुरुवारांनी चालवलं. पाय आपोआप पडत होते.

वळणावर तुमचे चिरंजीव उभे होते. बाकीच्यांची माणसं "चला चला" ओरडत होती. हे म्हणाले, "थांबायचंय का?" मी म्हटलं, "जरासं." फुटपाथवर बसले. आधी असं झालं असतं तर मी मेले असते पण बसले नसते. त्यांनी केळं सोललं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. नडगी दुखते का विचारलं. मी म्हटलं, नाही, बाकी सगळं दुखतंय. खरंच नव्हती दुखत. ती दुखली असती तर मी तिथूनच त्यांच्याबरोबर घरी गेले असते. हे मला तेव्हा कळलं आणि फार हलकं वाटलं. मग उठले.

पुढे एक आजोबा भेटले, तुमच्यापेक्षा मोठे. तोंडात दात नाहीत. मी बघतेय म्हटल्यावर खिशावर थाप मारून म्हणाले, "इथे आहेत. घाम आला की सुटतात." मी म्हटलं, घामाने नाही सुटत, खालची कवळी सैल झाली असेल, आतून नवं अस्तर लावून घ्यायला हवं. त्यांनी तिथेच काढून दाखवली. शेवटचे चार किलोमीटर आम्ही कवळ्यांवर बोलत गेलो. हिरड्या कशा झिजतात, रात्री काढून का ठेवायची, सफरचंद कसं खायचं. रेषा कधी आली ते कळलं नाही. आजोबा माझ्यापुढे दोन पावलं होते. पलीकडे गेल्यावर त्यांनी कवळी घातली आणि मग फोटो काढू दिला.

आज सकाळपासून जिना उतरता येत नाही, उलटी उतरते. आणि तरी पुढची कुठली, कधी, हे डोक्यात सुरू झालंय. काल रात्री ठरवलं होतं की निदान आठवडाभर तो विषय काढायचा नाही. आज सकाळी चहा पितानाच यांना सांगून टाकलं. हे पत्र मी त्यांना वाचायला देतेय, पाकीट तेच बंद करतील.

तुमची,
सूनबाई

ता. क.

बाबा, पत्र वाचलं. सगळं खरं आहे. केळ्याचा मोठा तुकडा तिने खाल्ला, एवढं सोडून. ती शांत वगैरे मुळीच झालेली नाही, तशी समजूत करून घेऊ नका. पहाटे उठून अजून घरभर फिरते, खिडकी उघडते, बंद करते. फरक एवढाच की आता मलाही उठवते. मी धावत नाही. दार लावून घेतो, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत खिडकीत उभा राहतो. वळताना ती मागे बघते.